शिकाऊ कोणाची? बँकेच्या काउंटरमागच्या मुली

(तालुका महिला मेळाव्यातल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या सत्राचा विषय ‘शिकलेल्या मुली आणि रोजगार’ असा ठेवला आहे. एवढ्या मोठ्या विषयाला एक दुपार पुरणार नाही, म्हणून मी त्यातला एकच कोपरा धरते. बँकांच्या शाखांमध्ये वर्षभरासाठी ‘अप्रेंटिस’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या मुलींचा. आपल्यापैकी प्रत्येकीनं ही मुलगी पाहिलेली आहे. ती पासबुक छापायच्या यंत्राशेजारी उभी असते, ‘काकू, आधी स्लिप भरा’ म्हणते, गळ्यात ओळखपत्राची फीत असते, आणि तिचं स्वतःचं टेबल कुठलं ते शोधूनही सापडत नाही.

गेली दोन वर्षं आमच्या केंद्रात दर दुसऱ्या रविवारी अशा मुलींचा गट बसतो. गट काही आम्ही ठरवून सुरू केला नाही. दोघीजणी खोलीचा प्रश्न घेऊन आल्या होत्या. एकट्या मुलींना खोली द्यायची तर वडिलांची चिठ्ठी आणा, असं घरमालक म्हणत होता. खोलीचं काम झालं, पण बोलणं थांबेना. मग त्यांच्या ओळखीच्या आणखी आल्या. आजवर चौदा-पंधरा जणी येऊन गेल्या, वेगवेगळ्या बँकांमधल्या. नावं मी मुलींचीही सांगणार नाही आणि बँकांचीही. एका शाखेचा दोष असता तर त्या शाखेत जाऊन बोललो असतो. हा मांडणीतलाच दोष आहे.

आधी थोडं कायद्याचं बोलू. कंटाळवाणं वाटेल, पण सगळी गोम तिथंच आहे.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ सालचा कायदा आहे. मुळात तो कारखान्यांसाठी होता. फिटर, टर्नर, वायरमन अशी कामं डोळ्यांसमोर ठेवून केलेला. २०१४ साली त्यात मोठे बदल झाले आणि २०१९च्या नियमांनी ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसं कामाला आहेत तिच्यावर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेण्याचं बंधन आलं. यात बँकाही आल्या. त्यानंतर बँकांनी हजारांच्या संख्येनं जागा काढल्या. एकट्या स्टेट बँकेनं २०२३ साली देशभरात ६,१६० शिकाऊ जागांची जाहिरात दिली होती. पदवी हवी, वय वीस ते अठ्ठावीस, मुदत एक वर्ष, महिना १५,००० रुपये विद्यावेतन. पगार म्हणायचं नाही, विद्यावेतन म्हणायचं. २०१९च्या नियमांत पदवीधरासाठी किमान ९,००० रुपये ठरले होते आणि काही बँका त्याच्याच आसपास देत आल्या.

आता शेजारच्या खुर्चीवरच्या कारकुनाचं पाहा. ८ मार्च २०२४ला, म्हणजे नेमका महिला दिन साधून, बँक कर्मचाऱ्यांचा बारावा वेतनकरार झाला. त्यात कारकुनाचं सुरुवातीचं मूळ वेतन २४,०५० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे, निवृत्तिवेतनाची वर्गणी, रजा, संघटना. कारकुनाला हे मिळतं त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. भांडून मिळवलेलं आहे ते. पण एकाच काउंटरवर, एकाच रांगेसमोर दोघं बसतात आणि त्यांतल्या एकीबद्दल कायदा म्हणतो की ही कामगारच नाही. कलम १८ वाचा. शिकाऊ ही प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि कामगार कायदे तिला लागू नाहीत. त्याचं कारणही सरळ आहे. ती शिकते आहे, काम करत नाही, असं गृहीत धरलं आहे.

मग आपण एवढंच विचारू की ती शिकते काय?

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली तेव्हा आम्हांला क्षेत्रकार्य असायचं. आठवड्यातले ठरावीक दिवस एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत जायचं, दर वेळचा अहवाल लिहायचा, आणि आठवड्यातून एकदा पर्यवेक्षक बाई तो अहवाल समोर ठेवून तासभर बोलायच्या. हे का केलंस, ते का नाही केलंस. फुकट राबवून घेणाऱ्या संस्था तेव्हाही होत्या. पण मी शिकते की नाही याला जबाबदार असं एक माणूस होतं, त्याचं नाव मला ठाऊक होतं. गटात आलेल्या प्रत्येकीला मी हाच प्रश्न विचारते. तुझ्या शिकण्याला जबाबदार कोण? चौदा-पंधरांपैकी दोघींनी नाव सांगितलं. बाकीच्या म्हणाल्या, ‘मॅनेजर सर’. म्हणजे कोणीच नाही. मॅनेजर सरांना कर्जवसुली, वरून येणारे फोन आणि रांगेतली भांडणं यांतून मान वर करायला फुरसत नसते.

दिवस कसा जातो ते त्यांच्याच बोलण्यातून सांगते. सकाळी शाखा उघडायच्या आधी पोचायचं. पासबुकं छापायची. खातं उघडण्याचे अर्ज भरून द्यायचे, कारण निम्म्या बायकांना तो अर्ज भरता येत नाही आणि निम्म्या चष्मा घरी विसरून आलेल्या असतात. आधारच्या, पॅनच्या झेरॉक्सवर सह्या घ्यायच्या, अंगठे घ्यायचे. केवायसीचे गठ्ठे लावायचे. एटीएम कार्डं आलेली असतात, त्यांच्या यादीवरून फोन करायचे. दुपारनंतर व्हाउचर लावायचे. चहा सांगायला कोण जातं ते मी विचारत नाही, त्या हसून एकमेकींकडे बघतात तेवढ्यावरून कळतं. एकीच्या शाखेत एकच संडास होता आणि त्याची किल्ली शिपायाकडे. ती मुलगी सकाळी निघाल्यापासून पाणीच पीत नसे.

कर्ज कसं मंजूर होतं, तारण म्हणजे काय, बुडीत खातं कशाला म्हणतात, हे त्या शाखेत रोज चाललेलं असतं, पण तिच्या वाट्याला येत नाही. एकीनं फार नेमकं सांगितलं. ‘मॅडम, कर्जाच्या टेबलावर मी वर्षात फक्त फाइल नेऊन ठेवली.’

दुसरी गोष्ट संगणकाची. बँकेत प्रत्येक नोंदीला कोणाचा तरी आयडी लागतो. एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं मंजूर करायची, अशी रीत आहे. आमच्या गटातल्या बहुतेकींना स्वतःचा आयडी नव्हता. मग काम चालायचं कसं? कारकून सकाळी स्वतःचा आयडी उघडून देतो आणि म्हणतो, ‘बस इथं.’ पासवर्ड कोणाला द्यायचा नाही हा बँकेचाच नियम आहे, तो भिंतीवर लिहिलेलाही असतो. मुलींना यात विश्वास वाटतो, सरांनी आपल्यावर सोपवलं असं वाटतं. मी त्यांना एवढंच सांगते की, बाई गं, काम केल्याची नोंद त्याच्या नावावर होते. आणि उद्या पाचशेचा घोळ झाला तर तेव्हा मात्र तुझं नाव आठवेल. गटातल्या एका मुलीनं ‘मला लेखी आदेश द्या, मग बसते’ असं म्हटलं. तिला आठवडाभर पासबुकाच्या यंत्रावर उभं केलं. पण आयडीवर पुन्हा बसवलं नाही.

टार्गेटचं तर विचारूच नका. जीवनज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये, सुरक्षा विम्याचे २० रुपये, अटल पेन्शनचे अर्ज, याचा आकडा शाखेला असतो आणि शाखेचा आकडा हळूच शिकाऊ मुलीच्या वहीत येतो. योजना वाईट आहेत असं मी म्हणत नाही. वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा शेतावर राबणाऱ्या बाईला हवाच. पण तो विमा काय आहे, पैसे दर वर्षी आपोआप खात्यातून कापले जातील, मागायचे कोणी आणि कधी, हे समजावायला दहा मिनिटं लागतात आणि रांग बाहेर रस्त्यापर्यंत गेलेली असते. मग ‘मावशी, इथं अंगठा द्या’ एवढ्यावर भागतं. शिकायला आलेली मुलगी इथं हे शिकते. आणि समोर जी बाई अंगठा देते ती आपलीच बाई असते. म्हणून हा प्रश्न त्या पंधरा मुलींपुरता नाही, असं मला वाटतं.

याच मुलींनी ऑगस्ट २०२४ मध्ये काय केलं तेही सांगायला हवं, कारण ते कुठल्याच अहवालात नाही. लाडक्या बहिणीचे पहिल्या दोन महिन्यांचे मिळून तीन हजार रुपये तेव्हा जमा झाले आणि शाखांसमोर पहाटेपासून बायकांच्या रांगा लागल्या. आपल्यापैकी कितीतरी जणी त्या रांगेत होत्या. ‘माझ्या खात्यात आले नाहीत, शेजारणीच्या आले’ अशी रड. खातं आधारला जोडलेलं आहे म्हणावं तर कागदावर जोडलेलं दिसतं. खुलासा असा होता की खात्याला आधार क्रमांक नोंदलेला असणं वेगळं, आणि सरकारी पैसा त्या आधारवर कुठल्या बँकेत जावा याची नोंद वेगळी. एका बाईची तीन खाती असतील तर पैसा शेवटी ज्या बँकेत ही दुसरी नोंद झाली तिथं जातो, तिनं अर्जावर लिहिलेल्या खात्यात नव्हे. कितीतरी बायकांचे पैसे कधीकाळी उघडलेल्या जनधनच्या खात्यात जाऊन पडले होते आणि त्या भलत्याच बँकेच्या दारात उभ्या होत्या. काही ठिकाणी किमान शिल्लक नाही म्हणून दंडच कापला गेला, तसं करू नका असं सरकारला बँकांना सांगावं लागलं.

हे सगळं आमच्या गटातल्या एका मुलीनं आठवडाभरात स्वतः समजून घेतलं. कोणी शिकवलं नाही. तिनं एका पुठ्ठ्यावर मराठीत तीन ओळी लिहून काउंटरला लावल्या आणि रांगेतल्या बायकांना मोबाइलवर तपासून सांगायला लागली की, आजी, तुमचे पैसे चौकातल्या त्या दुसऱ्या बँकेत आहेत. एका म्हातारीनं तिला ओंजळभर शेंगा आणून दिल्या. ते सांगताना तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. कायद्यानं शिकाऊच्या प्रगतीची नोंद ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, कलम १९ आहे त्यासाठी. त्या महिन्याच्या तिच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘पासबुक प्रिंटिंग, समाधानकारक’.

आता घरातलं. पंधरा हजार रुपये येतात ही गोष्ट लहान नाही. एस. टी.त बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यावर यांतल्या निम्म्या जणी रोज ये-जा करू शकतात, नाहीतर घरून परवानगीच मिळाली नसती. काहींचं कार्ड भावाच्या खिशात असतं. बँकेत बसून दिवसभर दुसऱ्यांची कार्डं वाटते आणि स्वतःचं कार्ड भावाकडे! यावर गटात बरीच भांडणं झाली, दोघींनी ते परत मिळवलं, एकीनं नाही. तिची कारणं होती, मी त्यात पडले नाही.

पण त्याहून जास्त मला सतावतं ते लग्नाच्या बायोडेटाचं. मुलगी बँकेत लागली, असं घरी-दारी सांगितलं जातं. स्थळं येतात. बायोडेटात ‘नोकरी : बँकेत’ असं वडील लिहून टाकतात. मुलगी सांगते, ‘अहो पप्पा, ही नोकरी नाही, वर्षाची आहे’, तर ते म्हणतात, ‘तू कामाला लाग, पुढं घेतातच.’ घेतातच असं नाही. कलम २२ शिकाऊला नोकरी देण्याची सक्ती मालकावर करत नाही. भरतीचं धोरण प्रत्येकानं स्वतः आखायचं आहे. कारकुनाची जागा परीक्षेनंच भरली जाते. एखादी बँक आपल्या शिकाऊंना त्या परीक्षेत थोडे जादा गुण देते, तेवढाच फायदा. शिवाय एकदा हे वर्ष केलं की बँकांच्या जाहिरातींप्रमाणे दुसरीकडे शिकाऊ म्हणून अर्जही करता येत नाही. वर्ष खर्चायचं ते एकदाच.

आणि हे ‘पुढं घेतातच’ जेव्हा वडिलांऐवजी शाखेतला कोणी अधिकारी म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. ‘वरती शब्द टाकतो, जरा थांबत जा संध्याकाळी.’ असा शब्द टाकण्याचा अधिकार त्या शाखेत कोणालाच नाही. हे त्या मुलीला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर त्या वाक्यातला दमच निघून गेला असता. जादा वेळाचंही तेच. सल्लागाराच्या परवानगीशिवाय शिकाऊकडून जादा वेळ काम घेता येत नाही.

एका मुलीनं गटात विचारलं, ‘ताई, मी तक्रार केली तर घेतील का? मी तर स्टाफ नाही.’ याहून जास्त मी तिच्याबद्दल सांगणार नाही. तक्रारीची गुप्तता पाळायला कायदा सांगतो आणि ते योग्यच आहे. पण तिला तोंडी मिळालेलं पहिलं उत्तर हेच होतं, की तुम्ही स्टाफ नाही. म्हणून सगळ्यांनी लिहून घ्या. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा, कलम २, पोटकलम एफ. कर्मचारी कोण, याची व्याख्या तिथं दिली आहे आणि तीत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ हे दोन्ही शब्द आहेत, मोबदला मिळत असो वा नसो. कामगार कायदे जिला ओळखत नाहीत, तिला हा एक कायदा कर्मचारी म्हणून नावानं ओळखतो. विशाखा निकालापासून, १९९७ पासून, बायकांच्या संघटनांनी ज्यासाठी धावपळ केली त्यातून हे शब्द आलेले आहेत. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. शाखेत समिती नसेल तर बँकेच्या वरच्या कार्यालयातली कोण ते विचारायचं. दहापेक्षा कमी माणसांची आस्थापना असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आमच्या इथून बँकेचं ते कार्यालय नव्वद किलोमीटरवर आहे. एक दिवसाची रजा आणि सोबतीला एक बाई एवढं लागतं. सोबतीची बाई आपण देऊ शकतो.

आमच्यातल्या एक निवृत्त बँक कर्मचारी आजही इथं बसल्या आहेत. त्या ऐंशीच्या दशकात कारकून म्हणून लागल्या. भरती मंडळाची परीक्षा, सहा महिने उमेदवारी, मग कायम. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा वाढल्या, तेव्हा आपल्या आयांच्या पिढीतल्या कितीतरी जणी अशाच पायावर उभ्या राहिल्या. त्या सांगतात, पहिल्या महिन्यात हेडक्लार्कनं त्यांना प्रत्येक टेबलावर आठ-आठ दिवस बसवलं होतं. शिकाऊ हा शब्दही कोणी वापरला नव्हता, पण शिकवलं होतं. गटातल्या मुली त्यांचं हे बोलणं अविश्वासानं ऐकतात.

वर्ष संपल्यावर या मुलींचं काय झालं? एकजण कारकुनाची परीक्षा पास झाली, दुसऱ्या जिल्ह्यात आहे, खूष आहे. तिघींची लग्नं झाली. एक गावात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवते, ठसे घेऊन पैसे देण्याचं यंत्र तिच्याकडे आहे, कमिशनवर. एक सूक्ष्म कर्जाच्या कंपनीत वसुलीला लागली. तिला मी विचारलं, बँकेतलं काय उपयोगी पडलं? म्हणाली, ‘बायकांशी बोलता येतं ना आता.’ ती आता आपल्याच बचत गटांच्या दारात हप्त्याला जाते. बाकीच्या परीक्षेचा अभ्यास करताहेत, घरचे किती दिवस करू देतील तेवढे दिवस.

मी शिकाऊ योजनेच्या विरुद्ध नाही. बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही, कारण बंद झाली तर या मुली घरी बसतील, दुसरं काही होणार नाही. मला हवं आहे ते फार साधं आहे. शाखेत तिच्या शिकण्याला जबाबदार अशा एका माणसाचं नाव करारपत्रात असावं. वर्षात ती कुठल्या कुठल्या टेबलावर किती आठवडे बसणार ते आधी लिहिलेलं असावं, कर्जाचं टेबल त्यात असावंच. दुसऱ्याच्या आयडीवर बसवू नये. विम्याचा आकडा तिच्या वहीत लिहू नये. तिची बँक आणि ती यांच्यात वाद झाला तर कलम २० प्रमाणे तो शिकाऊ सल्लागारापुढे जातो. पश्चिम विभागासाठी मुंबईत शिकाऊ प्रशिक्षण मंडळ आहे. तिथं पाठवायचं पत्र आम्ही तयार केलं आहे, बाहेरच्या टेबलावर ठेवलं आहे. ज्यांच्या मुली, सुना, भाच्या या वर्षी गेल्या आहेत त्यांनी वाचून सही करावी. आणि त्यांच्या करारपत्राची झेरॉक्स पुढच्या रविवारी केंद्रात आणावी, कारण सात जणींकडे ती प्रतच नव्हती.

मागच्या रांगेत दोघी बसल्या आहेत, त्यांचा सोमवारी बँकेत पहिला दिवस आहे. चहाच्या सुट्टीत बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी त्यांना गाठावं आणि आपला फोन नंबर त्यांच्या वहीत लिहून द्यावा. त्या लाजताहेत, तुम्हीच जा.